पिकअपच्या डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचे तेल स्वतः बदलताना

इंजिनातील तेलाची पातळी पाहण्यासाठी पट्टी असते, तेलाचा दाब उतरला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि तेल गाळण्यासाठी फिल्टरही असतो. मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलला, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या आणि वळताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाला, सहसा यांपैकी काहीच नसते. दातांची झीज होऊन निघालेला बारीक कीस तिथल्या तेलातच राहतो आणि तेच तेल वर्षानुवर्षे त्याच गिअरवर आणि बेअरिंगवर फिरत राहते. फार तर तेल काढण्याच्या प्लगच्या (आट्यांच्या बुचाच्या) टोकाला एक चुंबक असते आणि ते जमेल तेवढा कीस धरून ठेवते. त्यामुळे तेल बदलणे हीच इथली खरी साफसफाई आणि हाऊसिंग (बाहेरचे आवरण) न खोलता आतल्या भागांची स्थिती कळण्याची जवळजवळ एकमेव संधी असते. हे काम स्वतः करण्याने पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठा लाभ हा की जुने तेल आणि चुंबकावरचा कीस आपल्या डोळ्यांसमोर येतो. वर्कशॉपमध्ये तो पाहणारा दुसराच कोणी असतो, आणि हातात चार गाड्या असतील तर बहुधा तोही पाहत नाही.

काम अवघड नाही. मात्र क्रम चुकला किंवा तेलाची जात चुकली तर नुकसान मोठे होते. म्हणून या लेखात पाना फिरवण्याइतकेच महत्त्व त्याआधीच्या आणि नंतरच्या गोष्टींना दिले आहे.

तीन हाऊसिंग, तीन गरजा

मागच्या चाकांवर चालणाऱ्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये फक्त मागचे डिफरन्शियल असते. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे ताकद पाठवणारी ट्रान्सफर केस अशी आणखी दोन हाऊसिंग येतात. तिन्हींचे तेल स्वतंत्र असते, माप स्वतंत्र असते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तेलाची जातही वेगळी असते. गिअरबॉक्सचे तेल हा निराळा विषय असल्यामुळे तो इथे घेतलेला नाही. पण त्याचा प्लग ट्रान्सफर केसच्या प्लगपासून वीतभर अंतरावर असू शकतो, आणि गाडीखाली पडल्यापडल्या पाहताना दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून पाना लावण्यापूर्वी मॅन्युअलमधील आकृती समोर ठेवून प्रत्येक प्लगवर खडूने खूण करावी.

डिफरन्शियलमधील क्राऊन (मोठा गोल गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांचे दात हायपॉइड पद्धतीचे असतात. म्हणजे पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यबिंदूतून न जाता त्याच्या वर किंवा खाली सरकवलेला असतो. या रचनेमुळे दात मोठे आणि मजबूत करता येतात आणि गिअरचा आवाज कमी होतो, पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. अशा दाबाला साध्या तेलाचा थर टिकत नाही. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे मिसळलेली असतात. दातांच्या संपर्काच्या जागी तापमान वाढले की ती धातूशी अभिक्रिया करून पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करतात आणि घासला जातो तो थर, दात नव्हे. बाटली उघडताच येणारा उग्र वास या गंधकाचाच असतो.

ट्रान्सफर केसचा स्वभाव वेगळा आहे. बहुतेक आधुनिक पिकअपमध्ये तिच्यात पुढच्या शाफ्टकडे ताकद नेणारी रुंद साखळी, लो रेंजसाठी (कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या स्थितीसाठी) प्लॅनेटरी गिअर आणि बऱ्याचदा एक छोटा ऑइल पंप असतो. ज्या गाड्यांमध्ये फोर-व्हील ड्राइव्ह आपोआप लागतो, त्यांत याशिवाय क्लचच्या चकत्याही असतात. या भागांना डिफरन्शियलइतके जाड तेल चालत नाही.

तेल कोणते घ्यावे

डिफरन्शियलसाठी जवळजवळ सर्वत्र एपीआय जीएल-५ दर्जाचे तेल लागते (एपीआय ही तेलांचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था). जीएल-४ तेलात दाब सोसणारी संयुगे कमी असतात, त्यामुळे ते हायपॉइड गिअरमध्ये वापरू नये. उरलेले जीएल-५ मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ओतून संपवण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातील सक्रिय गंधक पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना त्यांचे वेग जुळवणाऱ्या कड्यांना) घातक ठरू शकते. गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले असेल तर तेच घालावे.

जाडीच्या बाबतीत ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० हे ग्रेड सर्वाधिक आढळतात. जड ट्रेलर ओढणाऱ्या काही गाड्यांना ७५डब्ल्यू-१४० सांगितलेले असते, तर इंधन वाचवण्यासाठी काही नव्या गाड्यांत ७५डब्ल्यू-८५ सारखे पातळ तेल येते. इथे पुष्कळांचा एक गोंधळ होतो. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल प्रत्यक्षात साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलएवढेच जाड असते. आकडा मोठा दिसला म्हणून तेल डांबरासारखे घट्ट असेल असे मानू नये. त्याचप्रमाणे ‘जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण’ हा समजही सोडून द्यावा. गरजेपेक्षा जाड तेल घुसळले जाताना अधिक तापते आणि थंडीत पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लावते.

आपल्या डिफरन्शियलमध्ये लिमिटेड स्लिप यंत्रणा (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहील अशी सोय) आहे का, हे तेल खरेदी करण्याआधी पाहावे. क्लचच्या चकत्यांवर चालणाऱ्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे चकत्यांचे घर्षण सौम्य करणारे मिश्रण, लागतो. तो काही तेलांत आधीच मिसळलेला असतो, काहींत वेगळ्या छोट्या बाटलीतून घालावा लागतो. तो नसेल तर वळण घेताना मागून थरथर आणि करकर जाणवते. उलट, जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये येणाऱ्या जी८० नावाच्या यांत्रिक लॉकरमध्ये (एक चाक घसरताच दोन्ही चाके एकत्र जखडणाऱ्या यंत्रणेत) चकत्या असल्या तरी मॉडिफायर घालू नये असे कंपनीच सांगते, कारण त्याच्या चकत्यांना पकड हवी असते. ॲक्सलवरची पट्टी, दाराच्या चौकटीवरचा कोड किंवा मॅन्युअल यांवरून आपला प्रकार निश्चित करावा. अंदाजाने काही ओतू नये.

ट्रान्सफर केसच्या बाबतीत तर अंदाजाला अजिबात जागा नाही. बऱ्याच साखळीच्या ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचे लाल एटीएफ लागते, परंतु एटीएफचेही अनेक प्रकार आहेत आणि ते परस्पर बदलता येत नाहीत. जनरल मोटर्सच्या काही ट्रान्सफर केसना ऑटो-ट्रॅक २ हे निळसर तेल लागते. टोयोटाच्या पिकअपमध्ये बरीच वर्षे ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल वापरले जाई, नंतरच्या मॉडेलमध्ये केवळ ७५डब्ल्यू दर्जाचे पातळ तेल आले. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांचे उत्तरही वेगळे असू शकते. क्लच असलेल्या केसमध्ये चुकीचे तेल गेले, तर चकत्या अडखळत पकडतात आणि वळताना गाडी धक्के देते.

मापाचा ढोबळ अंदाज असा: मध्यम आकाराच्या पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलला दोन ते साडेतीन लिटर, पुढच्याला एक ते दोन लिटर आणि ट्रान्सफर केसला एक ते दोन लिटर तेल लागते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा आणि प्रत्येक जातीचे तेल थोडे जास्तच आणावे.

किती किलोमीटरनंतर

उत्पादकांचे आकडे ५०,००० ते १,००,००० किलोमीटर या पट्ट्यात पसरलेले आहेत आणि काही गाड्यांत तर हे तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे असेही लिहिलेले असते. माझ्या मते हा शेवटचा दावा गाडीच्या पहिल्या मालकाला उद्देशून केलेला असतो. जड वजन, ट्रेलर, डोंगराळ रस्ते, चिखल असा वापर असेल तर अंतर निम्म्यावर आणावे. ॲक्सल बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर किलोमीटरचा विचार न करता लगेच तेल तपासावे. नव्या गाडीत किंवा नवीन क्राऊन-पिनियन बसवल्यावर सुरुवातीला कीस जास्त निघतो; तिथे पहिला बदल लवकर करणे शहाणपणाचे ठरते.

साहित्य

प्लगचा आकार आधीच पाहून ठेवावा. काहींना २४ मिलिमीटरचे षटकोनी डोके असते, काहींना १० मिलिमीटरची ॲलन की लागते, तर काहींत चौकोनी खाच असते आणि त्यात रॅचेटचे ३/८ किंवा १/२ इंची टोक थेट बसते. याखेरीज लांब दांड्याचा ब्रेकर बार, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा पाना), हाताने चालणारा तेलाचा पंप आणि त्याची पारदर्शक नळी, पाच लिटर तरी मावेल असा रुंद ट्रे, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, तारेचा ब्रश, धागे न सुटणारी फडकी आणि ब्रेक क्लीनरचा डबा एवढे साहित्य पुरते. प्लगखालचे ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे वॉशर घट्ट करताना चेपले जाऊन सील करतात, त्यामुळे ते दर वेळी नवीनच लावावेत.

पंपाबाबत काटकसर करू नये. पिळून तेल भरायच्या टोकदार बाटल्या मागच्या डिफरन्शियलला कशाबशा चालतात, पण ट्रान्सफर केसच्या वर हात पुरेल एवढीही जागा नसते. एटीएफ आणि गिअर ऑइल यांसाठी एकच पंप वापरायचा असेल, तर आधी पातळ एटीएफ भरून घ्यावे. तो क्रम शक्य नसेल, तर पंपाच्या नळीतील तेल पूर्ण बाहेर काढून थोडे नवे तेल त्यातून वाया घालवावे.

गाडी उभी करणे

पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आणावी. कोमट तेल लवकर वाहते आणि तळाशी बसलेला कीस सोबत घेऊन बाहेर पडते. मात्र सायलेन्सरचा पाइप ट्रान्सफर केसला लागूनच जातो. तो निवेपर्यंत थोडे थांबावे.

शक्य असेल तर गाडी मुळीच उचलू नये. बऱ्याच पिकअपची जमिनीपासूनची उंची एवढी असते की माणूस सपाट जमिनीवर उभ्या गाडीखाली शिरू शकतो, आणि तेलाची पातळी बरोबर येण्यासाठी गाडी सपाट असणे हीच मुख्य अट आहे. फक्त मागची बाजू उचलली तर डिफरन्शियल पुढे झुकते: भरण्याचे भोक हाऊसिंगच्या मागच्या बाजूस असेल तर तेल जास्त भरले जाते, पुढच्या बाजूस असेल तर कमी. उचलावीच लागली तर चारही चाके सारखी उचलून चार मजबूत स्टँडवर गाडी ठेवावी आणि खाली शिरण्यापूर्वी ती जोर लावून हलवून पाहावी. केवळ जॅकवर पेललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने जाऊ नये.

चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. हे सांगण्यामागे कारण आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असली, तरी ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये गेली की चाके मोकळी होतात आणि गाडी घरंगळू शकते. ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये असताना मागचे एकच चाक उचलले, तरी साधे डिफरन्शियल जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला फिरू देते. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांवर लागतो. दोन्ही मागची चाके हवेत असतील तर तोही उपयोगाचा नाही.

मागचे डिफरन्शियल

आता या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम: आधी भरण्याचा प्लग उघडावा, तेल काढण्याचा नंतर. भरण्याचा प्लग गंजून अडकलेला असू शकतो. तेल काढून टाकले आणि वरचा प्लग हलेना, तर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी जागेवर अडकून पडते. वरचा प्लग आधी सुटला, की उरलेले काम कसेही पूर्ण करता येते.

प्लगच्या आजूबाजूचा चिखल तारेच्या ब्रशने काढावा. चौकोनी किंवा ॲलनची खाच असेल तर तिच्यात दगडासारखा घट्ट झालेला चिखल स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कोरून अगदी तळापर्यंत साफ करावा, कारण की अर्धवट बसली तर खाचेचे कोपरे गोल होतात आणि मग तो प्लग काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. की हातोडीने हलके ठोकून पूर्ण आत बसवावी आणि ब्रेकर बारवर झटका न देता सावकाश, वाढता जोर द्यावा. प्लग हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल मारून काही तास थांबावे. आजूबाजूचे हाऊसिंग गरम हवेच्या गनने तापवल्यानेही फरक पडतो. ज्योत मात्र वापरू नये.

वरचा प्लग निघाल्यावर ट्रे खाली सरकवून खालचा प्लग सैल करावा. शेवटचे आटे हाताने फिरवताना प्लग आत दाबून धरावा आणि सर्व आटे सुटले की एकदम बाजूला ओढावा. तेलाची पहिली धार सरळ खाली न पडता बरीच पुढे उडते, म्हणून ट्रे त्या अंदाजाने ठेवावा. तेल थेंबाथेंबाने पडू लागेपर्यंत किमान दहा मिनिटे जाऊ द्यावीत.

बऱ्याच ॲक्सलना, विशेषतः मागच्या बाजूला पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे गोल कव्हर असलेल्यांना, तेल काढण्याचा प्लगच नसतो. तिथे दोन पर्याय आहेत. भरण्याच्या भोकातून नळी घालून पंपाने तेल ओढून घेता येते. हे सोपे आहे, पण तळाचा कीस तिथेच राहतो. म्हणून पुढील पद्धतीला वेळ लागत असला तरी तीच करावी असे माझे मत आहे. कव्हरचे खालचे सर्व बोल्ट काढावेत, वरचे दोन मात्र काही फेरे सैल करून तसेच ठेवावेत. खालच्या कडेला पातळ पट्टी घालून कव्हर उचकटले की तेल खालून वाहू लागते आणि कव्हर अंगावर पडत नाही. तेल ओसरल्यावर कव्हर पूर्ण काढावे. आता क्राऊनचे दात उघड्यावर दिसतात. चाके उचललेली असतील तर दुसऱ्या कोणाकडून चाक सावकाश फिरवून प्रत्येक दात पाहून घ्यावा, अशी संधी पुन्हा लवकर येत नाही.

जुने गॅसकेट किंवा सीलंट खरवडताना त्याचे तुकडे आत पडू नयेत म्हणून गिअरवर स्वच्छ फडके टाकावे. ॲल्युमिनियमच्या कडेवर धारदार पाते वापरू नये. तळातील गाळ फडक्याने पुसून घ्यावा. आतून डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती टाळावी, कारण बेअरिंगच्या खोबणीत उरलेले डिझेल नव्या तेलात मिसळते. दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरड्या करून कव्हरवर गिअर ऑइलला टिकणाऱ्या सिलिकॉन सीलंटची साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ ओढावी, आणि ती प्रत्येक बोल्टच्या भोकाच्या आतील बाजूने न्यावी. कव्हर बसवून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत. सीलंट किती वेळ सुकू द्यायचे ते ट्यूबवर लिहिलेले असते. गाडीची गरज नसेल तर रात्रभर थांबून मग तेल भरावे. रबराची कडा असलेले पुन्हा वापरता येणारे गॅसकेट मिळत असेल, तर पुढच्या वेळची ही सारी खरवड वाचते.

निघालेले तेल काय सांगते

चुंबकावर काजळासारखा मऊ, करडा-काळा लेप असेल तर काळजीचे कारण नाही. तो दोन बोटांत चोळून पाहावा. बोटांना काहीच टोचले नाही, तर ती नेहमीची झीज आहे. चकाकणारे बारीक कण जाणवू लागले तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे. हाताने उचलता येतील असे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला तर नवे तेल भरून प्रश्न सुटणार नाही, डिफरन्शियल खोलून पाहावेच लागेल. तेलात सोनेरी-पिवळसर चकाकी दिसली तर ती बहुधा तांब्याच्या मिश्रधातूच्या चकतीची किंवा वॉशरची असते आणि चुंबक ती पकडत नाही, म्हणून थोडे तेल पांढऱ्या कागदावर ओतून उन्हात पाहावे.

तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर आत पाणी गेले आहे. नुसते काळे तेल म्हणजे जुने झालेले तेल. त्याला जळका वास असेल तर ते फार तापलेले आहे. आणि मापापेक्षा फारच कमी तेल निघाले, तर ते गेले कुठे हे शोधावे: पिनियनचा सील, चाकांकडचे सील आणि ब्रेकची आतली बाजू या तीन जागा प्रथम पाहाव्यात. ट्रेमधील तेल मापाच्या भांड्यात मोजून ठेवण्याची सवय याचसाठी उपयोगी पडते.

नवे तेल भरणे

चुंबक स्वच्छ पुसून, नवे वॉशर घालून खालचा प्लग लावावा. तो आधी डावीकडे हलके फिरवावा. आटे जुळल्याचा ‘टक’ असा सूक्ष्म धक्का बोटांना जाणवला की मग उजवीकडे फिरवावा. निदान तीन-चार फेरे हातानेच जायला हवेत. प्लगचा टॉर्क गाडीनुसार साधारण ३५ ते ६५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. मॅन्युअलमधील आकडा पाहून टॉर्क रेंचनेच आवळावे. शंकूच्या आकाराचे, वॉशर नसलेले प्लग पाचरीसारखे रुततात आणि जास्त आवळल्यास हाऊसिंगला चीर पाडू शकतात.

फ्रिक्शन मॉडिफायर वेगळा घालायचा असेल तर तो आधी घालावा, म्हणजे पातळी भरल्यावर त्याला जागा उरली नाही असे होत नाही. हवा थंड असेल तर तेलाच्या बंद बाटल्या गरम पाण्यात ठेवाव्यात, पंप मारणे हलके जाते. भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळू लागले की बहुतेक डिफरन्शियल भरलेले असतात. तरीही मॅन्युअल पाहावे, कारण काही ॲक्सलमध्ये पातळी कडेपासून काही मिलिमीटर खाली ठेवायची असते. तिथे बोटाचे पेर किंवा वाकवलेली तार आत घालून मोजावे. ओघळ थांबेपर्यंत वाट पाहून मगच प्लग लावावा. जास्त भरलेले तेल घुसळून फेसाळते, तापते आणि सीलमधून ब्रेकवर उतरते.

पुढचे डिफरन्शियल

पद्धत तीच. फरक एवढाच की इंजिनाखालची संरक्षक पत्र्याची प्लेट काढावी लागते, आणि तिच्यावर साठलेली माती चेहऱ्यावर पडते, म्हणून चष्मा. स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत भरण्याचा प्लग बऱ्याचदा क्रॉस मेंबरच्या आड असतो आणि तिथे छोटी ॲलन की लागते. हाऊसिंग ॲल्युमिनियमचे असेल तर आट्यांना जपावे. काही गाड्यांत वरच्या आणि खालच्या प्लगचा टॉर्कही वेगवेगळा असतो. पुढचे डिफरन्शियल कमी वापरले जात असल्यामुळे तेल पुष्कळदा स्वच्छ निघते, पण पाणी शिरण्याचा धोका त्यालाही तेवढाच.

ट्रान्सफर केस

इथेही आधी वरचा प्लग. काही ट्रान्सफर केसचे आवरण मॅग्नेशियमचे असते आणि बहुतेकांचे ॲल्युमिनियमचे, त्यामुळे सुटत नसलेल्या प्लगवर जोर करण्याआधी आवरण थोडे गरम करावे आणि प्लग थोडा आवळून मग सोडवून पाहावा. प्लग वाकडा लागून आटे गेले तर दुरुस्ती महाग पडते. तेल लाल, निळे किंवा मधाच्या रंगाचे भरलेले असते. निघताना ते तपकिरी किंवा करडे दिसणे स्वाभाविक आहे.

एक बाब आवर्जून पाहावी. ट्रान्सफर केसमधून मापापेक्षा जास्त तेल निघाले आणि गिअरबॉक्सची पातळी उतरलेली असेल, तर दोघांमधील सील गेलेला आहे आणि गिअरबॉक्सचे तेल इकडे येत आहे. नवे तेल भरल्याने हे थांबणार नाही. तसेच पंप असलेल्या केसमध्ये पंपाची पट्टी आवरणाला घासून भोक पाडते, असा दोष काही मॉडेलमध्ये प्रसिद्ध आहे. बाहेरून वरच्या मागच्या भागावर तेलाचा ओलावा दिसतो का, ते हात फिरवून पाहावे. खालच्या प्लगपाशी काहीच दिसत नाही, कारण गळती चालताना, पंपाच्या दाबाने होते.

पातळी भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. टॉर्क पुन्हा मॅन्युअलप्रमाणे. बऱ्याच गाड्यांत तो डिफरन्शियलच्या प्लगपेक्षा कमी असतो, म्हणून रेंचची जुळणी बदलायला विसरू नये.

ब्रीदर

तेल बदलणारे बहुतेक जण याकडे पाहत नाहीत. ॲक्सल तापले की आतील हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरच्या छोट्या झडपेतून बाहेर जाते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर तो दाब सीलवर येतो आणि नवा सीलही पाझरू लागतो. तापलेले ॲक्सल एकाएकी थंड पाण्यात गेले की उलट घडते: आतील हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरची टोपी बोटाने हलते का ते पाहावे, नळी असेल तर ती काढून तिच्यात हलकी फुंकर मारावी. तेल दुधाळ निघाले असेल तर ब्रीदर तपासल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

शेवटची तपासणी

सर्व प्लगांवर बोटाने टॉर्कची खात्री होत नाही. रेंच पुन्हा एकदा लावून ‘क्लिक’ ऐकावा आणि प्लग व हाऊसिंग मिळून रंगाची एक रेघ ओढावी. नंतर कधी प्लग सैल झाला तर ती रेघ तुटलेली दिसते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. लिमिटेड स्लिप असेल तर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना सावकाश आठ-दहा गोल फेरे मारावेत, म्हणजे मॉडिफायर चकत्यांपर्यंत पोहोचतो. फोर-व्हील ड्राइव्ह लावून पाहायचा तो मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावरच. पार्ट-टाइम (गरजेपुरतीच लावायची) यंत्रणा कोरड्या डांबरी रस्त्यावर लावली तर वळताना पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण अडकून राहतो. परतल्यावर खाली कागद पसरून रात्रभर गाडी उभी करावी आणि सकाळी डाग पाहावेत. सीलंट लावलेल्या कव्हरची कडा कोरड्या बोटाने चहूबाजूंनी तपासावी.

तारीख, किलोमीटर, तेलाची जात, किती तेल निघाले, किती भरले आणि चुंबकाची स्थिती यांची नोंद ठेवावी. चुंबकाचा फोटो काढून ठेवला तर पुढच्या वेळी तुलना करता येते. या वेळी पाणी निघाले असेल तर सुमारे हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलावे, कारण पहिल्या बदलात सर्व पाणी निघत नाही. वापरलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे. त्यात ब्रेक ऑइल किंवा कूलंट मिसळू नये, कारण तसे मिश्रण पुनर्वापरासाठी घेतले जात नाही. जमिनीत किंवा गटारात ते मुळीच सोडू नये. तेलाने भिजलेली फडकी बंद पत्र्याच्या डब्यात ठेवावीत आणि डब्यावर ‘गिअर ऑइल’ असे लिहून तो मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा.